झालंमावशी

दवाखान्यात येणाऱ्या पोरांनी त्यांना झालंमावशी हे नाव ठेवलं होतं, आणि मावशींना ते ठाऊक होतं. त्या रागावत नसत. दाताच्या दवाखान्यात बावीस वर्षं काढल्यावर माणसाला टोपणनाव मिळावं आणि त्यात सुई नसावी, पक्कड नसावी, हे काही थोडं नव्हे.

खरं तर त्या आल्या होत्या झाडलोट करायला. तेव्हा थोरले डॉक्टर होते, म्हणजे आताच्या डॉक्टरांचे वडील. एका सकाळी त्यांची मदतनीस आलीच नाही आणि खुर्चीत एक गृहस्थ आ वासून बसलेले. थोरले डॉक्टर म्हणाले, "मावशी, जरा हात धुऊन ही नळी धरा." लाळ ओढून घेणारी ती नळी मावशींनी धरली आणि तो 'जरा' अजून संपलेला नाही. पुढे हत्यारं उकळणं आलं, ट्रे लावणं आलं, सिमेंट कालवणं आलं. इंग्रजी नावं त्यांना कधी पाठ झाली नाहीत, पण डॉक्टरांचा हात मागे आला की त्यात नेमकं हवं तेच हत्यार पडलेलं असे. नवे डॉक्टर कॉलेजात जाऊन जे शिकले ते मावशी नुसतं बघून शिकल्या, असं त्या स्वतः कधी म्हणत नसत. पण कुणी म्हटलंच तर नाहीही म्हणत नसत.

थोरल्या डॉक्टरांनी त्यांना मुलांसाठी दोन गोष्टी शिकवल्या होत्या. एक म्हणजे सुई मुलाला दिसता कामा नये. ती ट्रेवरून उचलायची आणि मुलाच्या हनुवटीखालून, छातीवरच्या निळ्या कागदी रुमालाला घासत डॉक्टरांच्या हातात सरकवायची. दुसरं म्हणजे कानाशी तोंड नेऊन म्हणत राहायचं, झालं, झालं, झालंच. मूल असो की मोठं माणूस, संपत आलंय म्हटलं की कळ सोसतं. मावशींनी दोन्ही गोष्टी इमानेइतबारे केल्या. पहिली दवाखान्यातच राहिली, दुसरी मात्र जिभेला चिकटून घरापर्यंत आली. शिट्टी न झालेल्या कुकरला मावशी झालं म्हणत. दारात पाहुणे आणि घरात पसारा असला तरी आतून आवाज येई, झालं, झालं. त्यांचे यजमान कपडे शिवायचे, आता डोळ्यांमुळे दुकान बंद करून घरी होते. ते म्हणत, हिने झालं म्हटलं की समजायचं, आता सुरुवात आहे.

सगळे हसत. मावशीही हसत. बावीस वर्षांत हा शब्द मनावर घेणारं एकच माणूस निघालं, आणि ते सात वर्षांचं होतं.

घरी तिला खारूताई म्हणत. पुढचे दोन दात नवे आलेले, चेहऱ्याच्या मानाने जरा मोठेच, आणि गालात सदा काहीतरी कोंबलेलं. वर्षभरापूर्वी ती पहिल्यांदा खुर्चीत बसली तेव्हा हसत बसली होती. खालच्या दुधाच्या दाढेत कीड होती, ती कोरून सिमेंट भरायचं होतं. काम दहा मिनिटांचं. पण कोरायचं यंत्र सुरू झालं आणि पोरगी आक्रसली. मग डॉक्टरांनी नेहमीचं केलं. यंत्र थांबवायचं, म्हणायचं, "झालं, आता नुसतं बघू, आ कर," आणि तोंड उघडलं की पुन्हा कोरायचं. हनुवटीखालून हत्यारं सरकवत मावशी कानाशी होत्याच. झालं, झालं. असं एकदा झालं, दोनदा झालं, तीनदा झालं. चौथ्या वेळी खारूताईने मावशींचा उजवा अंगठा असा चावला की हातमोजा फाटून रक्त आलं.

आई लाजेने अर्धी झाली. डॉक्टर वैतागले. दाढेत कसंबसं सिमेंट लिंपून पोरीला घरी पाठवलं. मावशींनी मात्र मोठं मन केलं, म्हणाल्या, लहान आहे, चालायचंच. आणि नंतर कित्येक दिवस येईल जाईल त्याला अंगठा दाखवून ती गोष्ट रंगवून सांगितली. अंगठ्याच्या पेराखाली दोन लहान चंद्रकोरी राहिल्या होत्या. त्या पुढच्या दोन दातांच्या.

घाईत लिंपलेलं सिमेंट किती टिकणार? चार महिन्यांत पडलं. पोरगी दवाखान्याचं नाव काढू देईना, आणि आईनेही, दुखत नाहीये ना, मग राहू दे, म्हणून दिवस ढकलले. मग मंगळवारी सकाळी आई तिला उचलून घेऊनच आली. उजवा गाल फुगून चकचकीत झाला होता आणि त्या बाजूचा डोळा निम्मा मिटला होता. गालात काय कोंबलंय ग, असं त्या दिवशी कुणी विचारलं नाही.

ती आत आली नाही. दवाखाना पहिल्या मजल्यावर, चौदा पायऱ्या. शेवटच्या पायरीवर तिने कठडा धरला तो सुटेना. डॉक्टर बाहेर आले आणि तिथेच वाकून त्यांनी गाल बघितला. त्यांचा चेहरा बदललेला मावशींनी पाहिला. दाढेच्या मुळाशी गळू झालं होतं. डॉक्टरांनी आईला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं. औषधाने तीन दिवसांत सूज उतरेल, पण ते तात्पुरतं. शुक्रवारी दाढ काढायलाच हवी. नाही बसली तर मोठ्या हॉस्पिटलात पूर्ण भूल देऊन काढावी लागेल, तिथे तारीख मिळते तीन आठवड्यांनी, आणि तोवर हे गळू थांबेल याची खात्री ते देऊ शकत नव्हते. सूज गळ्याकडे उतरली तर काय, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. पण आईला ते कळलं, आणि मावशींना तर आधीच कळलं होतं.

"मी खूप समजावते हो," आई मावशींना म्हणाली. "पण हिच्यापुढे आता तो शब्दच काढायची सोय नाही. वेणी घालताना झालं म्हटलं तरी डोकं ओढून पळते. कुणी झालं म्हटलं की आता दुखणार, असं धरूनच बसलीय."

मावशींनी विचारलं, असं कधीपासून? आणि कठड्याला चिकटलेल्या पोरीने, इतका वेळ एक अक्षर न बोललेल्या, बोट वर करून मावशींकडे दाखवलं.

"हिने शिकवलं," ती म्हणाली.

मावशींना वाटलं, कुणीतरी भर जिन्यात थोबाडीत दिली. बावीस वर्षांत किती पोरांच्या कानाशी त्या वाकल्या असतील? आपण फुंकर घालतो आहोत, अशीच त्यांची समजूत होती. अंगठ्याची गोष्ट आपण मिटक्या मारत सांगितली तेव्हा ही पोरगी कुठेतरी घरी बसून वेणीला घाबरत होती, हा विचार त्यांना सहन होईना. त्यांनी आईला हळूच सांगितलं, गुरुवारी दुपारी हिला आणा. एक ते तीन दवाखाना बंद असतो, डॉक्टर घरी जातात. आईने विचारलं, हिला काय सांगून आणू? फिरायला जाऊ म्हणून सांगा, असं मावशींच्या तोंडात आलं होतं. ते त्यांनी गिळलं. म्हणाल्या, खरं तेच सांगा. जिन्यापर्यंत यायचं, आत नाही.

गुरुवारी सूज बरीच उतरली होती. खारूताई सातव्या पायरीवर बसली, आई खाली दाराशी थांबली. मावशी तिच्याशेजारी नाही, तिच्या खालच्या पायरीवर बसल्या, म्हणजे डोकं तिच्यापेक्षा खाली राहील. गुडघे कुरकुरले. बराच वेळ दोघी गप्प. गप्प राहणं हे मावशींना जमणारं काम नव्हे, पण त्या दिवशी त्यांनी ते केलं.

शेवटी पोरगीच म्हणाली, अंगठा दाखव. मावशींनी दाखवला. तिने त्या चंद्रकोरींवरून बोट फिरवलं, स्वतःच्या दातांवरून फिरवलं आणि माप जुळतंय याची खात्री करून घेतली. दुखलं का, असं तिने विचारलं. मावशी म्हणाल्या, दुखलं. चार दिवस भांडी घासता येईनात. पोरीने मान हलवली. तिला खोटं उत्तर अपेक्षित होतं, आणि आलेलं खरं उत्तर कुठे ठेवावं हे तिला कळत नव्हतं.

मग प्रश्नांची रांग लागली. सुई असते का? असते. दुखते का? टोचते, मी बारा आकडे मोजेन तेवढा वेळ. मग? मग ओठ जड होतो, सुजल्यासारखा वाटतो, पण सुजलेला नसतो. मग? मग डॉक्टर दाढ दाबतात, हलवतात. दाब लागतो आणि कर्र असा आवाज येतो. तो आवाज वाईट असतो. एवढं सगळं खरं बोलताना मावशींना घाम फुटला. आता ही उठून पळणार, असं त्यांना दर उत्तरानंतर वाटत होतं. ती पळाली नाही. तिने फक्त विचारलं, तू बसलीयस का त्या खुर्चीत?

मावशी कधीच बसल्या नव्हत्या. खुर्ची पुसली होती हजारदा, पण बसल्या नव्हत्या.

"मग बस," खारूताई म्हणाली. "मी बघते. दार उघडं ठेव."

अशी ती आत आली. मावशी खुर्चीत बसल्या, नव्हे आडव्या झाल्या, आणि डोक्यावर तो गोल दिवा आला. पायाखाली जमीन नाही, तोंड वर, हात कुठे ठेवावेत कळेना. छताला पाण्याचा एक डाग होता, तो बावीस वर्षांत त्यांनी पाहिला नव्हता. पोरगी ट्रेपाशी उभी राहिली आणि तिने तोंडात घालायचा लहान आरसा उचलला.

"तू इथून देतेस ना डॉक्टरांना," ती म्हणाली, आणि तिने आरसा मावशींच्या हनुवटीखालून, छातीला घासत, बरोब्बर मावशींच्याच पद्धतीने सरकवला.

मावशी दचकल्या. तुला कसं ग दिसलं, असं त्यांनी विचारलं. पोरीने वर बोट केलं. मावशींनी वर पाहिलं. दिव्याच्या गुळगुळीत काचेत ट्रे दिसत होता, आपली हनुवटी दिसत होती आणि हनुवटीखालून सरकणारा तो आरसा, त्याच्या दांड्यासकट. हा दिवा नव्या डॉक्टरांनी बसवून सहा वर्षं झाली होती. सहा वर्षं मावशी मोठ्या शिताफीने सुई लपवत होत्या आणि खुर्चीतलं प्रत्येक मूल ती येताना बघत होतं. शिवाय कानाशी ऐकत होतं, झालं, झालं.

डोळ्यांत पाणी आलं ते मावशींनी पुसलं नाही, कारण आडवं पडल्यावर ते आपोआप कानात जातं. उठून बसल्यावर त्या म्हणाल्या, माझं चुकलं. सुई येत होती आणि मी झालं म्हणत होते.

खारूताईने ते ऐकून घेतलं. मग तिने अट सांगितली. "उद्या मी बसेन. पण तू तो शब्द बोलायचा नाही. खरंच संपेपर्यंत नाही. एकदा जरी बोललीस तर मी उतरणार आणि परत कधीच बसणार नाही. आणि लपवायचं नाही."

मावशींनी हो म्हटलं. खाली आईला सांगितलं तेव्हा तिने मावशींचे हात धरले. एवढं साधं? शब्दच नाही बोलायचा ना?  आपली जीभ कशी आहे हे त्यांना ठाऊक होतं, आणि हातात होती एक संध्याकाळ.

घरी त्यांनी यजमानांना पहाऱ्यावर बसवलं. मी तो शब्द बोलले की टाळी वाजवायची. यजमानांना आयुष्यात इतकं मजेचं काम मिळालं नव्हतं. भाजी चिरून होताच पहिली टाळी. कुकर बंद करताना दुसरी. तुमचं जेवून झालं का, हे धरायचं की नाही यावर वाद झाला. धरायचं, असं मावशींनीच कडकपणे ठरवलं. झोपायच्या वेळेपर्यंत अकरा टाळ्या झाल्या, आणि अकराव्या टाळीला यजमान हसले नाहीत. त्यांनी विचारलं, उद्या सुटला तोंडून तर? मावशी म्हणाल्या, तर ती उतरेल. मग तीन आठवडे. आणि तोवर त्या पोरीचं काय होईल ते मला सांगू नका.

शुक्रवारी दहा वाजता मावशींनी डॉक्टरांना करार सांगितला. डॉक्टरांनी हातमोजे चढवता चढवता ऐकलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. सुई दाखवायची? सात वर्षांच्या मुलीला? बाबांनी तुम्हाला काय शिकवलं होतं, मावशी? मावशींनी दिव्याकडे बोट केलं आणि म्हणाल्या, एकदा बसून बघा. डॉक्टर बसले नाहीत, बाहेर चार पेशंट होते. पण वाकून त्यांनी काचेत पाहिलं. म्हणाले, बरं. पण काम मी माझ्या पद्धतीने करणार.

खारूताई स्वतःच्या पायांनी चौदा पायऱ्या चढून आली. ओठ घट्ट, चेहरा पांढरा. आई दाराशी स्टुलावर बसली, तिची पाचावर धारण बसली होती. पोरगी खुर्चीत चढली, आडवी झाली आणि तिने एका हाताने मावशींचा उजवा अंगठा धरला, चंद्रकोरींवरच. मावशी डाव्या हाताने नळी धरणार होत्या. डाव्या हाताने बावीस वर्षांत कधी धरली नव्हती.

आधी हिरडीवर बधिर करणारं जेल लागलं. भिंतीवरच्या घड्याळात दोन मिनिटं. मग मावशींनी ट्रेवरची सुई उचलून दिव्यासमोर धरली, उघड. "ही सुई. आता टोचणार. मी मोजते," त्या म्हणाल्या. पोरीचे डोळे सुईवरून मावशींवर आले. मास्कमुळे मावशींचे डोळेच तेवढे दिसत होते, त्यामुळे डोळ्यांनी तरी घाबरायचं नाही असं मावशींनी ठरवलं.

एक. दोन. पोरीचा पाय थरथरला. पाच. सहा. डोळ्यांच्या कडांतून पाणी. नऊ. दहा. अंगठ्यावरची पकड अशी की मावशींची बोटं बधिर व्हायला लागली. अकरा, बारा, आणि डॉक्टरांचा हात अजून तोंडातच. खारूताईचे डोळे मोठे झाले. हेच ते. हेच गेल्या वर्षी झालं होतं.

"मी बारा म्हणाले होते, माझा अंदाज चुकला," मावशी भरभर म्हणाल्या. "डॉक्टर, अजून किती?"

डॉक्टर पुटपुटले, तीन. तेरा, चौदा, पंधरा, आणि पंधराला सुई बाहेर आली. मावशींची जीभ आपसूक टाळूला लागली. बावीस वर्षांची सवय, ती काय विचारून येते? मावशींनी मास्कच्या आत खालचा ओठ दातांत पकडला. मग हळूच म्हणाल्या, "सुई संपली. दाढ अजून तिथेच आहे."

पोरीने मान हलवली. ती उतरली नाही. डॉक्टरांनी पहिल्यांदाच मावशींकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिलं.

ओठ जड होईपर्यंत थांबले. मग पक्कड आली, तीही उघड, आणि मावशींनी सांगितलं, आता दाब, आणि तो आवाज. दाब आला. खारूताईचं सगळं अंग ताठलं. डॉक्टरांचं मनगट हळूहळू फिरत होतं, एकदा या अंगाला, एकदा त्या. आवाज आला, कर्र, आणि दाराशी आईने कान झाकून घेतले. मावशी मोजत नव्हत्या, कारण किती ते त्यांना ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नाही हेही त्यांनी सांगितलं होतं. आणखी एक आवाज, सुकी काटकी मोडावी तसा, आणि दाढ पक्कडीत बाहेर आली.

डॉक्टरांनी ती दिव्याखाली फिरवून पाहिली. दोन मुळं असायला हवीत. एक पूर्ण होतं, दुसरं टोकाशी तुटलेलं. तो तुकडा आतच होता. डॉक्टरांनी मावशींकडे एक नजर टाकली. ती नजर मावशी बावीस वर्षं ओळखत होत्या, बापाची आणि मुलाची एकच. तिचा अर्थ, पोराला गुंगव, मी पटकन उरकतो.

"झालं," डॉक्टर हसून म्हणाले. "शाब्बास. आता नुसतं बघू, आ कर."

दाराशी आईने सुटकेचा श्वास टाकला, झालं ग बाई. आणि डॉक्टरांचा हात ट्रेकडे, मुळं उचकटायच्या बारीक हत्याराकडे गेला.

खारूताईने तोंड उघडलं नाही. ती दिव्याच्या काचेत बघत होती. काचेत डॉक्टरांचा हात दिसत होता आणि त्या हातातलं ते हत्यारही. मग तिने नजर खाली आणली आणि मावशींकडे पाहिलं. ती रडत नव्हती. ती फक्त विचारत होती.

मावशींच्या डोक्यात काय काय आलं ते त्यांनाच माहीत. ज्यांनी झाडू सोडवून हातात नळी दिली ते थोरले डॉक्टर आले. पेशंटसमोर डॉक्टरांचं बोलणं कधी खोडायचं नाही, हा दवाखान्याचा पहिला नियम आला, आणि तो मोडला तर सोमवारपासून पुन्हा झाडू, हेही आलं. पोरीला खरं सांगितलं तर ती उतरेल, तुकडा आत राहील, पुन्हा सूज येईल, हे सगळ्यांत आधी आलं. झालं म्हणणं सोपं होतं. अगदी जिभेवरच होतं.

"नाही," मावशी म्हणाल्या. "अजून संपलं नाही. दाढ आली, पण मुळाचा एक तुकडा आत राहिलाय. डॉक्टरांना तो काढायचाय."

 डॉक्टरांचा हात हवेत थांबला आणि त्यांचे कान लाल झाले. मावशी, एवढंच ते म्हणाले, पण त्यात सगळं होतं. खारूताई उठून बसली. तिने दोन्ही पाय खुर्चीच्या कडेवरून खाली सोडले. आई स्टुलावरून उठली आणि तिथेच उभी राहिली.  मी घालवलं, मावशींना वाटलं, खरं बोलून घालवलं.

पोरीने तोंडातलं रक्त वाटीत थुंकलं आणि बधिर ओठाने, बोबडं, थेट डॉक्टरांना विचारलं, "किती आकडे?"

तिला पेशंट समजून डॉक्टर इतक्या वेळात बोललेच नव्हते.  त्यांनी हत्याराकडे पाहिलं, मावशींकडे पाहिलं, आणि मग चाकाचं स्टूल ओढून ते तिच्या समोर, तिच्या उंचीवर आले.

"वीस," ते म्हणाले. "विसात नाही आला तर मी थांबेन. खरंच थांबेन."

खारूताईने मावशींकडे पाहिलं. मावशी म्हणाल्या, मी मोजेन, आणि विसाला ते थांबले नाहीत तर मी त्यांचा हात धरेन.  पोरीने पाय पुन्हा वर घेतले, आडवी झाली, अंगठा शोधून धरला आणि तोंड उघडलं. स्वतःहून उघडलं.

मावशींनी इतकं संथ आणि इतकं खरं कधीच काही मोजलं नव्हतं. आठपर्यंत काहीच नाही. अकराला डॉक्टरांच्या कपाळावर घाम. चौदाला पोरीने डोळे मिटले, पंधराला उघडले. मावशींना वाटलं, विसाच्या आधी आणखी पुष्कळ आकडे असते तर बरं. सतरा. अठरा. डॉक्टरांनी हात मागे घेतला. हत्याराच्या टोकावर तांदळाएवढा तुकडा होता.

 डॉक्टरांनी जखमेवर गॉजची घडी ठेवली आणि ती दातांत दाबून धरायला सांगितली. मावशींनी ट्रे तिच्यापुढे धरला. खारूताईने एका बोटाने तो तुकडा सरकवून दाढेच्या मोडक्या मुळाला लावला. जुळला. तिने दाढ फिरवून दुसऱ्या बाजूनेही पाहिलं. वर दिव्याच्या काचेत पाहिलं, तिथे डॉक्टरांचे रिकामे हात होते. मग ती मावशींकडे वळली.

"आता म्हण," ती गॉजच्या आडून म्हणाली.

आणि मावशींना तो शब्द सापडेना. रात्री अकरा वेळा सुटलेला, कुकरला, पाहुण्यांना, जगातल्या सगळ्या पोरांना फुकट वाटलेला तो शब्द घशात येऊन अडकला. त्यांनी मास्क खाली ओढला आणि डोळे पुसले. पोरगी वाट बघत होती. घाई करत नव्हती.

"झालं," मावशी म्हणाल्या.

खारूताईने अंगठा सोडला आणि खुर्चीतून उतरली.